मुदत नसलेली शिक्षा

संडासातलं पाणी निळं असतं. नळ चिकटपट्टीनं बंद केलेला असतो, साबण उचलून बाहेर ठेवलेला असतो. ट्रक ड्रायव्हरनं खिसे रिकामे करायचे, जाकीट आणि टोपी बाहेर ठेवायची आणि प्लास्टिकच्या पेल्यात निदान ४५ मिलिलीटर लघवी घेऊन बाहेर यायचं. पेला हातात आला की चार मिनिटांच्या आत नमुना घेणारा माणूस त्यावरची तापमानपट्टी वाचतो. ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या बाहेरचा आकडा दिसला, की ही लघवी आत्ता या शरीरातून आलेली नाही असा संशय घेतला जातो. निळं पाणीही त्याचसाठी. संडासातलं पाणी घालून नमुना पातळ करायला गेलं तर रंगच चुगली करतो. मग ड्रायव्हरच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्या भरल्या जातात, एकीत ३०, दुसरीत १५ मिलिलीटर. दोन्ही सीलबंद होतात आणि सीलवर ड्रायव्हर स्वतःची आद्याक्षरं लिहितो. लघवी होतच नसेल तर तीन तास थांबायचं आणि तेवढ्या वेळात जास्तीत जास्त १.२ लिटरच्या आसपास पाणी प्यायचं. तरीही झाली नाही आणि डॉक्टरांना त्याचं वैद्यकीय कारण सापडलं नाही, तर तो नकार धरला जातो, आणि नकार म्हणजे दोषी.

अमेरिकेत अवजड वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला या खोलीत कधी ना कधी जावं लागतं. नोकरीला लागताना जावं लागतं, ठरावीक गंभीर अपघातांनंतर जावं लागतं, आणि चिठ्ठी काढल्यासारखं अचानक नाव आलं तरी जावं लागतं. २०२० पासून या चिठ्ठीचं प्रमाण असं आहे, की कंपनीकडे शंभर ड्रायव्हर असतील तर वर्षाला पन्नास अमली पदार्थ चाचण्या झाल्याच पाहिजेत. हे सगळं नियमन केंद्रीय परिवहन खात्याचं आहे. त्यातल्या चाचणीच्या नियमांचा ग्रंथ ‘भाग ४०’ या कोरड्या नावानं ओळखला जातो. विमानाचे वैमानिक, रेल्वेचे चालक, शहर बससेवेचे ड्रायव्हर, गॅसच्या पाइपलाइनवरचे कामगार, सगळ्यांना तोच लागू.

प्रयोगशाळा पाच गटांतले पदार्थ शोधते : गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, अफूजन्य औषधं आणि पीसीपी. निकाल थेट मालकाकडे जात नाही. मध्ये एक डॉक्टर बसलेला असतो. तो ड्रायव्हरला फोन करून विचारतो, तुम्ही डॉक्टरांनी लिहून दिलेलं काही औषध घेता का? या फोनवर खसखशीचाही विषय निघू शकतो. अनारशावर आपण जी लावतो तीच. तिच्यात अफूचे अंश असतात आणि लघवीत मॉर्फिन दिसायला खसखस घातलेला पाव पुरतो, हे लक्षात आल्यावर १९९८ मध्ये मॉर्फिनची मर्यादा मिलिलीटरला ३०० नॅनोग्रॅमवरून एकदम २००० वर नेण्यात आली. पण १५,००० च्या वर आकडा गेला तर खसखशीची सबब ऐकायची नाही, असंही नियमात लिहून ठेवलं आहे. इतकी खसखस कोणी खात नाही, असा त्यांचा हिशेब.

डॉक्टरांचं समाधान झालं नाही, तर निकाल पक्का होतो. ड्रायव्हरला ७२ तासांच्या आत दुसरी बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून मागता येते. पण ती तपासणी होईपर्यंत थांबायची सोय नाही. निकाल पक्का झाला त्या क्षणी स्टिअरिंगवरून उतरायचं.

हे नियम कुठून आले? ४ जानेवारी १९८७ ला, रविवारी दुपारी, मेरीलँडमधल्या चेस या गावाजवळ मालवाहू कंपनीची तीन जोडलेली इंजिनं लाल सिग्नल ओलांडून मुख्य मार्गावर येऊन थांबली. मागून वॉशिंग्टनहून बॉस्टनकडे निघालेली प्रवासी गाडी ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगानं येत होती. सोळा माणसं मेली. इंजिनातला चालक आणि त्याचा सहकारी दोघंही गांजा ओढत होते, हे नंतर उघड झालं. धोक्याची सूचना देणारी शिट्टी कटकट होते म्हणून कोणीतरी पट्टी लावून तिचं तोंड बंद केलं होतं. सक्तीच्या चाचण्यांचा कायदा यानंतरही संसदेत रेंगाळतच राहिला. २८ ऑगस्ट १९९१ च्या मध्यरात्री न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर स्टेशनाजवळ भुयारी रेल्वे रुळावरून घसरली आणि पाच जण गेले. चालक दारू प्यायलेला होता. बरोबर दोन महिन्यांनी, २८ ऑक्टोबरला, कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

दोन्ही अपघात रुळांवरचे, पण कायद्याच्या जाळ्यात सर्वात जास्त संख्येनं आले ते ट्रकवाले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पकडला गेल्यावर पुढे काय?

आपल्या डोक्यात शिक्षेला मुदत असते. भारतात उड्डाणाआधीच्या श्वासचाचणीत वैमानिक पहिल्यांदा सापडला तर तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा परवाना रद्द. आकडा संपला की माणूस परत कामावर. अमेरिकेतही पोलिसांनी दारूच्या नशेत गाडी चालवताना पकडलं आणि न्यायालयानं दोषी ठरवलं, तर व्यावसायिक परवाना पहिल्या वेळी वर्षभरासाठी जातो. कामावरच्या चाचणीत नापास झालेल्या ड्रायव्हरला मात्र भाग ४० कुठलीही मुदत देत नाही. तीन महिने नाहीत, वर्ष नाही, दहा वर्षंही नाहीत. त्याला एक रस्ता दाखवला जातो, आणि तो चालून संपेपर्यंत तो दोषीच राहतो. घरी बसून राहिला तर जन्मभर.

या रस्त्यावरचा पहिला माणूस म्हणजे ‘सॅप’. सबस्टन्स अब्यूज प्रोफेशनल या नावाचं हे लघुरूप. ट्रकवाल्यांच्या तोंडी आता ते क्रियापदासारखंच बसलंय : ‘सॅप केलंस का?’ सॅप डॉक्टर असू शकतो, मानसशास्त्रज्ञ असू शकतो, परवानाधारक समाजसेवक किंवा व्यसनमुक्ती समुपदेशकही. त्याला या नियमांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. नियमानं तो ड्रायव्हरचा वकील नाही आणि मालकाचाही नाही. रस्त्यावरच्या बाकीच्या लोकांची सुरक्षितता पाहणं हे त्याचं काम.

तो ड्रायव्हरला समोरासमोर बसवून बोलतं करतो. कधीपासून, किती, कुणाबरोबर, घरी कोण आहे, आधी कधी उपचार घेतले होते का? मग ठरवतो, या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात भरती करायचं, बाहेरून येऊन उपचार घ्यायला सांगायचं, की व्याख्यानं आणि अभ्यासक्रम पुरेसे आहेत. ‘तुम्हाला काहीच गरज नाही, जा’ असं म्हणायचा अधिकार त्याला नाही. काहीतरी सांगावंच लागतं. आणि ड्रायव्हरलाही हा सॅप कडक वाटला म्हणून दुसऱ्याकडे जाऊन सौम्य सल्ला घेता येत नाही. नियमात तशी पळवाट असती, तर सौम्य सॅपचं दुकान जोरात चाललं असतं! सॅपनं सांगितलेले उपचार स्वतःच्याच दवाखान्यात द्यायलाही एरवी बंदी आहे. पैसे कोणी भरायचे याबद्दल सरकार गप्प आहे. नोकरी गेलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतःच भरतो.

उपचार संपले की पुन्हा सॅपकडे. तो कागद तपासतो, पुन्हा बोलतो, आणि सांगितलेलं मनापासून केलंय असं वाटलं तर तसं लिहून देतो. इथं एक शब्दच्छल लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘हा माणूस बरा झाला’ किंवा ‘याला कामावर घ्या’ असं सॅप कधीच लिहीत नाही. ‘याने सांगितलेलं पाळलं’ एवढंच लिहितो.

मग येते परतीची चाचणी. तेच निळं पाणी, तोच पेला, पण आता आत दुसरा माणूस असतो, ड्रायव्हरच्याच लिंगाचा. ड्रायव्हरनं शर्ट कमरेच्या वर उचलायचा, कपडे मांडीच्या मध्यापर्यंत खाली करायचे, एकदा गोल फिरून दाखवायचं आणि मग त्या माणसाच्या नजरेसमोर पेला भरायचा. वाचतानाही संकोच वाटतो. पण याला कारण आहे. बाजारात वाळवलेली लघवी, ती गरम ठेवणाऱ्या पिशव्या आणि चक्क खोटं पुरुषी लिंग जोडलेलं यंत्र मिळू लागलं होतं. २००५ मध्ये मिनियापोलिसच्या विमानतळावर एका व्यावसायिक फुटबॉलपटूच्या सामानात हे यंत्र सापडलं आणि देशभर हशा पिकला. दोन वर्षांनी सरकारी लेखापरीक्षकांच्या माणसांनी वेषांतर करून ट्रकवाल्यांच्या चाचणीकेंद्रांवर अशाच वस्तू वापरल्या आणि ते सहज निसटले, तेव्हा हसू ओसरलं. परतीच्या चाचणीत नजर ठेवणं सक्तीचं करायचं ठरलं. एक रेल्वे कंपनी आणि कामगार संघटना न्यायालयात गेल्या. हा माणसाच्या खाजगीपणावरचा घाला आहे, असा त्यांचा युक्तिवाद. २००९ मध्ये न्यायालय म्हणालं, घाला आहे खरा, पण एकदा नियम मोडलेल्या माणसाच्या बाबतीत तो चालेल. त्याच वर्षी ऑगस्टअखेर नियम लागू झाला.

दारूच्या बाबतीत श्वासचाचणी. एरवी ०.०४ ला ड्रायव्हर दोषी ठरतो. परतीच्या दिवशी मात्र आकडा ०.०२ च्या खालीच हवा. (आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली रेषा शंभर मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमची, म्हणजे त्यांच्या भाषेत ०.०३. कागदावर आपण त्यांच्यापेक्षा कडक आहोत.)

चाचणी स्वच्छ निघाली की ड्रायव्हर गाडीवर बसू शकतो. पण रस्ता अजून संपलेला नसतो. सॅपनं मालकाकडे एक वेळापत्रक दिलेलं असतं : पहिल्या बारा महिन्यांत किमान सहा चाचण्या, त्यापुढे त्याला वाटलं तर एकूण पाच वर्षांपर्यंत. सगळ्या अचानक, सगळ्या नजरेखाली. वेळापत्रक ड्रायव्हरला कधीच दाखवत नाहीत. नोकरी बदलली तर ते नव्या मालकाकडे जातं. चिठ्ठीतल्या चाचण्या वेगळ्या, त्या यात धरत नाहीत. एखाद्या आठवड्यात दोन्ही आल्या तरी तक्रार चालत नाही.

यातलं बहुतेक सगळं १९९० च्या दशकापासून कागदावर होतं आणि त्याला एक मोठं भोक होतं. ड्रायव्हर एका कंपनीत नापास झाला की राजीनामा द्यायचा, दोन राज्यं ओलांडून दुसऱ्या कंपनीत अर्ज करायचा आणि मधल्या नोकरीचा उल्लेखच गाळायचा. जुन्या मालकाचं नावच माहीत नसेल तर नवा मालक विचारणार कोणाला? ६ जानेवारी २०२० ला हे भोक बुजलं. ‘क्लिअरिंगहाऊस’ नावाची केंद्रीय नोंदवही सुरू झाली. प्रत्येक नापास चाचणी, प्रत्येक नकार त्यात जातो. ड्रायव्हरला घेण्याआधी मालकानं ती पाहायची, नंतर वर्षातून एकदा पुन्हा पाहायची. न पाहता घेतला तर मालकच गुन्हेगार. नोंद किती काळ राहते? पाच वर्षं किंवा सॅपनं आखलेल्या चाचण्या पूर्ण होईपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर. मुदत नसलेली शिक्षा म्हणतो ती ही.

तरीही २०२० नंतर काही वर्षं एक विचित्र परिस्थिती होती. नोंदवहीत बंदी असलेल्या ड्रायव्हरच्या खिशात व्यावसायिक परवाना शाबूत असायचा. रस्त्यावरच्या हवालदाराला तो दाखवला की बात संपली. १८ नोव्हेंबर २०२४ पासून राज्यांना तो परवाना काढून घेऊन साधा कार चालवायचा परवाना द्यावा लागतो. परतीची चाचणी स्वच्छ झाली की व्यावसायिक परवाना परत.

नोंदवहीमुळे दुसरीही एक गोष्ट दिसली, आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. ज्यांच्यावर बंदी आहे त्यांच्यातल्या बहुसंख्य ड्रायव्हरांनी परतीच्या रस्त्यावर पहिलं पाऊलही टाकलेलं नाही. ते सॅपकडे गेलेच नाहीत. ट्रक सोडून गोदामात लागले, बांधकामावर गेले, कुणी भावाच्या गॅरेजमध्ये बसले असतील.

का? एक कारण गांजा. नापास चाचण्यांत निम्म्याहून जास्त गांजाच्या असतात. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये गांजा मतदानानं खुला केला, मागोमाग इतर राज्यं आली. केंद्राच्या नियमात मात्र तसूभर फरक पडला नाही. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी चालत नाही. आणि दारूचं मोजमाप वेगळं, गांजाचं वेगळं. श्वासचाचणी आत्ताची नशा मोजते. काल रात्रीची बिअर आज दुपारी दिसत नाही. गांजाचा अंश चरबीत साठतो आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीतून काही आठवडे झिरपत राहतो. म्हणजे सुट्टीत स्वतःच्या राज्यात कायद्यानं विकत घेतलेला गांजा ओढून, दोन आठवड्यांनी ठणठणीत शुद्धीत ट्रक चालवणारा ड्रायव्हर सापडतो, आणि काल रात्री बाटली संपवून आज सकाळी कसाबसा ०.०१९ वर आलेला सुटतो. हा अन्याय आहे असं मला वाटतं. पण चेसच्या त्या इंजिनाची आठवण काढणाऱ्याला यावर पटकन उत्तर देता येत नाही, हेही खरं. नुकतंच सेवन केलेलं पकडणारी लाळेची चाचणी २०२३ मध्ये नियमात आली, पण नियमात असणं आणि प्रयोगशाळा तयार असणं यांत तिथेही बरंच अंतर पडलं.

दुसरं कारण कमी बोललं जातं. परतीची चाचणी ड्रायव्हरला स्वतःच्या मनानं देता येत नाही. मालकानं पाठवावी लागते. स्वतःच्या मालकीचा एकच ट्रक असलेल्यानं चाचण्या सांभाळणाऱ्या संस्थेशी करार करावा लागतो, ती संस्था पाठवते. बाकीच्यांनी आधी असा मालक शोधायचा जो अजून गाडीवर बसायची परवानगी नसलेल्या माणसाला घ्यायला तयार आहे. जुन्या मालकावर परत घ्यायचं बंधन नाही. भाग ४० मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे : कामावर ठेवायचं की नाही हा मालक आणि कामगार यांच्यातला मामला. सॅप झालं, उपचार झाले, पैसे संपले, आणि ड्रायव्हर दारोदार फोन करतोय. पलीकडून पहिला प्रश्न नोंदवहीचा येतो, दुसरा प्रश्न येतच नाही. मोठ्या कंपन्यांचं विमा आणि वकील यांच्याशी आधी ठरलेलं असतं. दहा-पंधरा ट्रकवाला एखादा मालक, बहुधा ज्यानं स्वतःच्या घरात दारू पाहिलेली असते, तो घेतो.

ज्याला असा मालक भेटला त्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, जरी तो ट्रकवाला नसला तरी. ८ मार्च १९९० च्या सकाळी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं ६५० क्रमांकाचं विमान फार्गोहून मिनियापोलिसला उतरलं, तेव्हा पोलीस वाट पाहत उभे होते. कॉकपिटमधले तिघंही आदल्या रात्री उशिरापर्यंत पीत बसले होते. कॅप्टन लाइल प्राऊस यांनी एकट्यानं रम-कोकचे डझनाहून जास्त पेले रिचवले होते. रात्रीत ते देशभरच्या विनोदी कार्यक्रमांचा विषय झाले. नोकरी गेली, सगळे परवाने गेले, सोळा महिन्यांची कैद झाली. आई-वडील दोघंही दारूनं गेलेले. उपचार घेऊन, तुरुंगातून सुटून त्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्या छोट्या परवान्यापासून एकेक परीक्षा पुन्हा दिली.

वैमानिकांसाठी अमेरिकेत १९७० च्या दशकापासून ‘हिम्स’ नावाचा कार्यक्रम आहे. त्यात संघटना, कंपनी, सरकारी डॉक्टर आणि आधी सुधारलेले वैमानिक एकत्र बसतात. हा माणूस परत येणार, असं धरूनच कामाला लागतात. ट्रकवाल्याला सॅप मिळतो, पण असं टेबल मिळत नाही. प्राऊस यांच्यासाठी वैमानिक संघटना उभी राहिली, पण शेवटचा शब्द कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन डॅसबर्ग यांचा होता. डॅसबर्ग स्वतः दारू असलेल्या घरात वाढले होते. त्यांनी प्राऊस यांना परत घेतलं.

प्राऊस १९९८ मध्ये निवृत्त झाले, बोइंग ७४७ चे कॅप्टन म्हणून. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. त्या अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांत जेम्स रोझेनबाऊम होते, त्यांना तुरुंगात पाठवणारे न्यायाधीश.

आपल्याकडे कलम १८५ दंड आणि कैदेचं बोलतं, उपचाराचं नाव त्यात नाही. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. तिथं दाखल झालेला ड्रायव्हर बरा होऊन बाहेर पडला, तर त्याच्या परवान्याच्या फाइलला ते कधी कळणार? अमेरिकेच्या त्या निळ्या पाण्याच्या खोलीतल्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत. पण तिथून निघालेला एक कागद समुपदेशकाच्या टेबलावर जातो आणि तिथून परवान्याच्या खिडकीपर्यंत पोचतो. आपल्याकडे या दोन कचेऱ्यांची अजून ओळखही झालेली नाही.